भटकी कुत्री, पाळीव कुत्री आणि आपले रस्ते-किनारे: नियम नेमके काय आहेत? रत्नागिरीकरांसाठी सोप्या शब्दांत

रत्नागिरीतल्या कुठल्याही वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी एक व्हिडिओ येतो. मारुती मंदिर परिसरात दुचाकीमागे धावणारी कुत्री, नाहीतर मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्यांभोवती जमलेली टोळी. व्हिडिओखाली तीन प्रकारच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात.

पहिली: "नगर परिषद झोपली आहे का? उचलून लांब नेऊन सोडा."
दुसरी: "एकदाची मारून टाका, कटकट मिटेल."
तिसरी: "जे खायला घालतात, आधी त्यांना दंड करा."

या तिन्ही मागण्यांवर कायद्याने काहीतरी सांगितलेलं आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्यात बरेच बदल झाले आहेत. नियम माहीत नसल्यामुळे तक्रार भलत्याच कार्यालयात जाते, शेजाऱ्यांत भांडणं लागतात आणि कुत्रं चावल्यावरचे महत्त्वाचे तास वाया जातात. म्हणून हा लेख. जपून ठेवा, कधीतरी लागेल.

थोडक्यात सांगायचं तर

- भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. शहरात नगर परिषद, गावात ग्रामपंचायत.
- सर्वसाधारण नियम असा: पकडलेलं कुत्रं नसबंदी आणि लस झाल्यावर पुन्हा त्याच भागात सोडायचं.
- शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं आणि क्रीडा संकुलं यांना नोव्हेंबर २०२५ पासून वेगळा नियम आहे. तिथून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत.
- कुत्र्याला विष घालणं किंवा मारणं हा गुन्हा आहे.
- पाळीव कुत्र्याने कुणाला इजा करू नये याची काळजी मालकाने घ्यायची. निष्काळजीपणा केला तर तुरुंगवासही होऊ शकतो.
- कुत्रं चावलं तर पहिलं काम: १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुणं. नंतर लगेच रुग्णालय.

हा प्रश्न किती मोठा आहे?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. त्यातली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटनांची नोंद झाली. महाराष्ट्रातला आकडा होता सुमारे ४ लाख ८५ हजार.

नोंद होते ती रुग्णालयात गेलेल्यांची. घरीच हळद लावून गप्प बसलेले या आकड्यात नाहीत. आणि खरा धोका त्यांनाच आहे, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की तो माणूस जवळपास कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांचं मूळ कुत्र्याच्या चाव्यात असतं. भारताने कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

तक्रार कुणाकडे करायची?

रत्नागिरीत इथेच पहिला घोळ होतो. शहराचा कारभार रत्नागिरी नगर परिषदेकडे आहे. पण शहराला लागून असलेली नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे ही गावं ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात. रस्ता एकच, वस्ती सलग, त्यामुळे आपण कुणाच्या हद्दीत उभे आहोत हे पटकन कळत नाही. सोपी खूण म्हणजे घरपट्टीची पावती. ती ज्या कार्यालयाची, तक्रारही तिथेच.

कुत्र्यांना अर्थातच हद्द कळत नाही. एका बाजूला नसबंदी झाली आणि रस्त्याच्या पलीकडे झाली नाही, तर वर्षभरात संख्या पुन्हा तेवढीच होते. त्यामुळे शहर आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी मोहीम एकत्र राबवणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. हा मुद्दा ग्रामसभेत आणि नगरसेवकांपुढे मांडायला हवा.

विषयानुसार कुठे जायचं ते असं:

- भटकी कुत्री, नसबंदी, मेलेलं जनावर, कचरा: नगर परिषदेचा आरोग्य विभाग किंवा ग्रामपंचायत.
- कुणाच्या पाळीव कुत्र्याने केलेला हल्ला, खायला घालण्यावरून धमक्या किंवा मारामारी, कुत्र्यावर विषप्रयोग: पोलीस. तातडीच्या वेळी ११२.
- सार्वजनिक उपद्रव कायम चालू असेल आणि कुणीच दखल घेत नसेल: प्रांताधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. एखाद्याच्या ताब्यातला धोकादायक प्राणी बंदिस्त ठेवण्याचा आदेशही यात येतो.
- किनाऱ्यावर कासवाची अंडी किंवा पिल्लं दिसली: वन विभाग.

"उचलून लांब सोडा" हे का होत नाही?

कारण नियम तसं करू देत नाहीत. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याखाली २००१ मध्ये कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम आले. १० मार्च २०२३ रोजी त्यांच्या जागी नवे 'प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३' लागू झाले. रोजच्या बोलण्यात यांनाच 'एबीसी नियम' म्हणतात.

या नियमांप्रमाणे काम असं चालतं:

१. भागात कुत्री पकडण्याची आगाऊ सूचना दिली जाते.
२. कुत्रं इजा न करता पकडलं जातं. कुठून पकडलं याची नोंद ठेवली जाते.
३. केंद्रात नसबंदी होते आणि रेबीजची लस दिली जाते. सहा महिन्यांखालच्या पिल्लांची नसबंदी करत नाहीत.
४. ओळख म्हणून कानाला खाच पाडली जाते. रस्त्यावर कान कापलेलं कुत्रं दिसलं तर त्याची नसबंदी झाली आहे असं समजायचं.
५. बरं झाल्यावर त्याला पकडलं त्याच भागात परत सोडलं जातं.

हे काम भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मान्यता घेऊनच करावं लागतं. कामावर देखरेख करण्यासाठी स्थानिक पातळीवर समिती असते आणि तिच्या अध्यक्षपदी स्थानिक संस्थेचे प्रमुख अधिकारी असतात.

पाचव्या मुद्द्यावर लोक सर्वात जास्त चिडतात. पुन्हा तिथेच सोडायचं तर पकडलं कशाला? त्यामागचा हिशोब असा आहे. कुत्री एखाद्या जागी टिकतात ती तिथल्या खाण्यामुळे. मासळी बाजार, चिकनची दुकानं, रात्रीच्या खाऊगाड्या, उघडी कचराकुंडी. एका टोळीला उचलून नेलं तरी खाणं तिथेच राहतं आणि रिकाम्या जागेत नवी कुत्री येतात. ही नवी कुत्री नसबंदी न झालेली, लस न घेतलेली आणि त्या जागेला अनोळखी असतात, म्हणजे अधिक भांडखोर. उलट, नसबंदी झालेली आणि लस घेतलेली जुनी कुत्री तिथेच राहिली तर ती बाहेरच्यांना येऊ देत नाहीत आणि संख्या हळूहळू घटते.

पण यात एक मोठी अट आहे. भागातल्या बहुतेक कुत्र्यांची नसबंदी थोड्या काळात झाली पाहिजे आणि काम दरवर्षी चालू राहिलं पाहिजे. रेबीजची साखळी तोडायला निदान ७० टक्के कुत्र्यांना लस लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार दिवस मोहीम, मग दोन वर्षं शांतता, असं केलं तर पैसा जातो आणि कुत्री तेवढीच राहतात. त्यामुळे "कुत्री परत का सोडली" याऐवजी नगर परिषदेला विचारण्यासारखा प्रश्न हा: यंदा आमच्या वॉर्डात किती कुत्र्यांची नसबंदी झाली आणि किती बाकी आहेत?

"मारून टाका" याला कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार कुठल्याही प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी ही संहिता लागू आहे. त्याशिवाय १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. मात्र त्यातला दंड आजही पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये इतकाच आहे.

या वादात आपल्या भागाचं मोठं स्थान आहे. गोवा आणि मुंबईतल्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने डिसेंबर २००८ मध्ये बहुमताने निकाल दिला होता की, उपद्रवी भटकी कुत्री मारण्याचा अधिकार पालिका कायद्यांखाली प्रशासनाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये त्याला स्थगिती दिली. प्रकरण पंधरा वर्षं चाललं. मे २०२४ मध्ये, आता २०२३ चे नवे नियम आले आहेत, असं सांगत न्यायालयाने ते बंद केलं.

मग पिसाळलेल्या कुत्र्याचं काय? त्याला वेगळी तरतूद आहे. रेबीजचा संशय असलेलं कुत्रं पकडून वेगळं ठेवायचं असतं. रेबीज असेल तर ते साधारण दहा दिवसांत मरतं. बरं न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असलेल्या कुत्र्याला वेदनारहित मरण देण्याचा निर्णय पशुवैद्य आणि समिती घेतात. गल्लीतल्या लोकांनी काठ्या घेऊन तो निर्णय घ्यायचा नाही.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काय बदललं?

बातम्या इतक्या वेगाने आल्या की अनेकांच्या डोक्यात पहिलाच आदेश राहिला आहे. क्रम असा होता.

*११ ऑगस्ट २०२५.* न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, रस्त्यावर परत सोडू नका, असा आदेश दिला. देशभर वाद झाला.

*२२ ऑगस्ट २०२५.* तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा आदेश बदलला. नसबंदी, जंतनाशक औषध आणि लस झाल्यावर कुत्र्यांना त्याच भागात सोडा. अपवाद दोन: रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक वागणारी. रस्त्यावर खायला घालण्यास मनाई करून प्रत्येक वॉर्डात त्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितलं. आणि प्रकरणाची व्याप्ती दिल्लीपुरती न ठेवता सर्व राज्यांना त्यात घेतलं.

*७ नोव्हेंबर २०२५.* शैक्षणिक संस्था, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं-आगारं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हटवून नसबंदी-लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवा, तिथे परत सोडू नका, असा आदेश आला. आवाराला कुंपण किंवा भिंत, फाटक आणि एक जबाबदार अधिकारी नेमणं हेही त्यात आहे. रुग्णालयांनी रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन यांचा साठा ठेवावा, असंही न्यायालयाने बजावलं.

रत्नागिरीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? शाळेच्या मैदानात, एसटी स्टँडवर किंवा सरकारी रुग्णालयाच्या आवारात कुत्री असतील तर "नियमाप्रमाणे तिथेच सोडावी लागतात" हे उत्तर आता चालत नाही. शाळेची भिंत पडकी असेल तर मुख्याध्यापकांकडे आणि व्यवस्थापनाकडेही प्रश्न जातो. रस्ता, गल्ली, किनारा यांना मात्र जुनाच नियम लागू आहे. न्यायालयाचे निर्देश पुढे बदलू शकतात, म्हणून अर्ज करताना त्या वेळची ताजी स्थिती एकदा पाहून घ्या.

खायला घालणाऱ्यांना दंड करता येतो का?

या मुद्द्यावर महाराष्ट्रात आधीही वाद झाला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की, भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर त्यांना दत्तक घ्या आणि पालिकेत नोंद करा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या सक्तीच्या भागाला स्थगिती दिली.

२०२३ च्या नियमांनी मधला मार्ग काढला. खायला घालण्यावर सरसकट बंदी नाही, पण जागा आणि वेळ ठरवायची. ती जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यांपासून आणि इमारतीच्या प्रवेशद्वारापासून दूर हवी. लहान मुलं आणि वयस्कर माणसांची वर्दळ कमी असते अशी वेळ निवडायची. खाऊन झालं की ती जागा साफ करणं हे खायला घालणाऱ्याचं काम. वाद मिटला नाही तर समितीकडे जायचं.

म्हणजे सोसायटीच्या दारात बिस्किटांचा पुडा फोडणाऱ्या काकांना हटकता येतं, पण त्यांच्यावर हात उगारता येत नाही. आणि काकांनाही "माझी श्रद्धा आहे" म्हणून कुठेही टोपलं रिकामं करता येत नाही. वॉर्डात ठरावीक जागा ठरवून मागा. दोन्ही बाजूंना सोयीचं तेच आहे.

पाळीव कुत्रं असेल तर?

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मालकांनी पाठ करावं असं आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आमचा टायगर चावत नाही हो" हा बचाव नाही.

व्यवहारात याचा अर्थ:

- सार्वजनिक जागी कुत्रं पट्ट्यात हवं आणि पट्टा त्याला आवरू शकेल अशा माणसाच्या हातात हवा. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात लॅब्राडोर देऊन चालणार नाही.
- लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा. कुणाला चावल्यास डॉक्टर पहिलं तेच विचारतात.
- फिरायला नेताना पिशवी न्या. विष्ठा उचला. मुंबईच्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण रस्त्यावर सोडल्यास ५०० रुपये दंडाची तरतूद २००६ पासून आहे. लहान शहरांनाही घनकचऱ्याचे उपविधी करण्याचा आणि जागेवर दंड आकारण्याचा अधिकार आहे.
- परवाना किंवा नोंदणीबद्दल आपल्या नगर परिषदेत विचारा आणि शुल्काची पावती घ्या.

दुसऱ्या बाजूने हेही लक्षात घ्या: "आमच्या इमारतीत कुत्रं पाळायचंच नाही" असा सरसकट ठराव सोसायटीला करता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सोसायटी स्वच्छता आणि पट्ट्याचा आग्रह धरू शकते.

किनाऱ्यावर वेगळी काळजी का?

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये संवर्धन सुरू केलं आणि पुढे ते जिल्ह्यातल्या इतर किनाऱ्यांवर पोहोचलं. घरट्यांना माणसाइतकाच धोका कोल्ह्या-कुत्र्यांचा असतो. ती वाळू उकरून अंडी खातात, पिल्लं पकडतात. म्हणूनच अंडी हलवून कुंपणाच्या आत पुरली जातात.

हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हंगामात पहाटे किंवा रात्री किनाऱ्यावर कुत्रं मोकळं सोडू नका. आणि पार्टीनंतर उरलेलं चिकन वाळूत टाकून कुत्र्यांना आमंत्रण देऊ नका.

आणि माणसांच्या वागण्याचं काय?

सार्वजनिक जागेचा उपद्रव फक्त कुत्र्यांचा नसतो. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, सरकारने ठरावीक दिवसांना दिलेली सूट वगळता. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. रस्त्यात असभ्य वर्तन आणि शांतताभंगासाठी चिथावणारं वागणं यांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आहे.

यातला कचऱ्याचा भाग थेट कुत्र्यांशी जोडलेला आहे. रात्री नाक्यावर टाकलेली उरल्यासुरल्या मासळीची पिशवी म्हणजे उद्याच्या टोळीची सोय. गंमत म्हणजे पिशवी टाकणारा आणि ग्रुपवर व्हिडिओ टाकणारा कधीकधी एकच असतो.

परदेशात कसं चालतं?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकडून "आमच्याकडे कुत्र्याने घाण केली तर लगेच दंड" असं ऐकलं असेल. तिथे २०१४ च्या एका कायद्याने स्थानिक कौन्सिलना एखाद्या ठरावीक जागेपुरता आदेश काढण्याचा अधिकार दिला. या बागेत कुत्रं पट्ट्यात हवं, या खेळाच्या मैदानात कुत्रं नकोच, इथे दारू प्यायची नाही, असे आदेश. एक आदेश जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो, मग पुन्हा लोकांशी चर्चा करून वाढवावा लागतो. जागेवरचा दंड साधारण १०० पौंडांपर्यंत आणि न्यायालयात गेलं तर १,००० पौंडांपर्यंत.

तिथे रस्त्यावर भटकी कुत्री जवळपास नाहीत, त्यामुळे सगळा भर मालकावर आहे. आपली परिस्थिती वेगळी. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: जागेगणिक नियम आणि तो नियम त्याच जागी फलकावर लिहिलेला. मांडवी, भाट्ये किंवा थिबा पॉइंटसारख्या ठिकाणी पट्टा, विष्ठा, खायला घालण्याची जागा आणि तक्रारीचा क्रमांक एवढं लिहिलेला एक फलक असला तरी निम्मे वाद कमी होतील.

कुत्रं चावलं तर नेमकं काय करायचं?

१. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. विषाणू कमी करण्याचा हा सर्वात सोपा उपाय आहे.
२. हळद, मिरची, चुना, तेल, कॉफी काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
३. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे लस मोफत मिळते.
४. रक्त आलं असेल किंवा उघड्या जखमेला कुत्र्याने चाटलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते दिलं का, हे विचारा.
५. सगळे डोस पूर्ण करा. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली.
६. शक्य असेल तर कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. पण त्याची वाट पाहत लस थांबवू नका.

मुलं ओरडा बसेल म्हणून ओरखडा लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. हे एक वाक्य जीव वाचवू शकतं.

तक्रार अर्ज कसा लिहायचा?

फोन विसरला जातो, कागद राहतो. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. मजकूर असा असू शकतो:

"प्रति, मा. मुख्याधिकारी, रत्नागिरी नगर परिषद. विषय: वॉर्ड क्र. __ मधील भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करण्याबाबत. महोदय, __ या ठिकाणी अंदाजे __ भटकी कुत्री असून त्यांपैकी __ च्या कानाला खाच नाही. दि. __ रोजी चाव्याची घटना घडली आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार कार्यवाही करावी, तसेच वॉर्डात खाद्य देण्याची जागा निश्चित करावी, ही विनंती. कळावे."

"कुत्र्यांचा बंदोबस्त करा" एवढंच लिहिण्यापेक्षा जागा, संख्या आणि तारीख लिहिलेला अर्ज टाळणं अवघड जातं. उत्तर आलं नाही तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार करता येते. माहिती अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून विचारता येतं: गेल्या वर्षी किती नसबंदी झाल्या, किती खर्च झाला, देखरेख समितीच्या बैठका कधी झाल्या? उत्तरासाठी मुदत ३० दिवस.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पिटबुलसारख्या जातींवर बंदी आहे ना?*
मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. फॉरवर्ड होणारी ती यादी जुनी आहे. मालकाची जबाबदारी मात्र प्रत्येक जातीला सारखीच.

*पिल्लं लांब नेऊन सोडली तर चालेल?*
नाही. आईपासून तोडलेली पिल्लं बहुतेक मरतात आणि जनावराला असं टाकून देणं क्रूरतेत मोडतं. दत्तक द्या किंवा मोठी झाल्यावर नसबंदीसाठी कळवा.

*कुत्र्याला लस दिलेली आहे, तरी मी लस घ्यायची?*
डॉक्टर ठरवतील. कार्ड घेऊन जा, स्वतः निर्णय घेऊ नका.

*कुत्री अंगावर आली तर?*
पळू नका. थांबा, हात अंगाशी धरा, डोळ्यांत रोखून बघू नका आणि हळूहळू मागे सरका. दुचाकीवर असाल तर वेग वाढवू नका, कमी करा. बरेच अपघात चाव्याने होत नाहीत, घाबरून पळताना होतात.

पुढच्या वेळी ग्रुपवर तसाच व्हिडिओ आला की त्याखाली चौथी प्रतिक्रिया लिहा: जागा कोणती, कुत्री किती, किती जणांच्या कानाला खाच आहे, आणि उद्या अर्ज द्यायला कोण येतंय?